आवरा म्हटलं की

बाबा, आज सकाळपासून मी तांदूळ दोनदा धुतले, अंगण तीनदा झाडलं आणि मोबाईल इतक्या वेळा उचलून बघितला की तो हाताला गरम लागतोय. माझी नात साहेबांकडे गेली आहे, नवी मुंबईला. अकरा वाजता बोलावलंय तिला. आता सव्वादहा झालेत. घरात दुसरं कोणी नाही. मुलगा ट्रेलर घेऊन बंदरावर गेला, सून शाळेत मुलांची खिचडी शिजवायला गेली. मग करू काय? पोरीच्या जुन्या वहीची कोरी पानं फाडली आणि तुला लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, हे काय मी विसरले नाही. मलाही तिसरीपर्यंतच येत होतं. बाकीचं या नातीबरोबर शिकले, ती पहिलीत गेली तेव्हा तिच्या शेजारी पाट टाकून मीही बसायची आणि तिची पाटी मीच जास्त भरायची. जोडाक्षरं अजून चुकतात. ती बघते आणि नीट करून देते, पण हे कागद काही तिला दाखवायचे नाहीत. आणि एक आधीच सांगते, सासरी आल्यावर मोठ्यांना अहो-जाहो करायला शिकले, पण तुला तूच म्हणणार. इतक्या वर्षांनी तुला अहो म्हटलं तर तू मागं वळून बघशील, ही कोणाशी बोलतेय म्हणून.

तुझी पणती कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहिते, बाबा. सांगताना माझं तोंड थांबत नाही. बाजारात कोथिंबीरवालीला सांगून झालं, बँकेत पेन्शनच्या रांगेत सांगून झालं, डॉक्टरनी छातीला नळी लावलेली असताना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, आजी, जरा श्वास घ्या. आणि काम तरी कुठं मिळावं तिला? आपल्या आगरावर! खाडीच्या तोंडाशी आपलं मिठागर होतं ना, त्यातल्या अर्ध्यावर आता कंटेनर रचून ठेवलेत, लाल, निळे, एकावर एक. उरलेल्या अर्ध्यात मिठाचे वाफे खोल खणून कोळंबीची तळी केलीत. उघाडी मात्र तुझ्याच जागेवर आहे, खाडीचं पाणी आत घ्यायची तीच वाट. फक्त लाकडी फळीऐवजी लोखंडी दार आहे आणि वर मोटर बसवली आहे. पोरीच्या कंपनीकडे त्या तळ्यांचं काम आहे. पाणी घुसळणारी चाकं आहेत, खाडीतून पाणी ओढणारा पंप आहे, कोळंबीला खाणं टाकणारं यंत्र आहे, दिवे आहेत, उघाडीचं दार आहे. या सगळ्यांना एका जागी बसून हुकूम द्यायचा, असं ते काम.

एक दिवस मी वाल सोलत होते आणि ती ओट्याला टेकून लॅपटॉप मांडीवर घेऊन वैतागली होती. मी विचारलं, "काय झालं गो?" तर म्हणाली, "आजी, माझ्या आधी जो होता ना, त्यानं काय लिहून ठेवलंय बघ. प्रत्येक यंत्राला आधी विचारायचं, तू चाक आहेस का? असलास तर जोरात फीर. नाहीस? मग तू पंप आहेस का? असलास तर थांब. तेही नाहीस? मग तू खाणं टाकणारा आहेस का? असं पानंच्या पानं. आता मालकानं नवीन दिवे आणले. तर जिथं जिथं हे विचारलंय तिथं तिथं जाऊन दिव्याचं घुसवायचं. एक जागा राहिली की बोंब." मी म्हटलं, "मग तू काय करणार?" तर म्हणाली, "मी विचारणारच नाही कोणाला, तू कोण म्हणून. मी फक्त एक करार ठेवणार. या रांगेत ज्याला उभं राहायचंय त्याला एक हुकूम कळलाच पाहिजे. वादळ आलं, उधाण आलं की मी तो एकच हुकूम सगळ्यांना देणार. चाक आपलं चाकासारखं करेल, पंप पंपासारखं. मला बघायची गरजच नाही समोर कोण आहे. उद्या मालकानं आणखी काही आणलं तर त्यानं तेवढा करार शिकून यायचं आणि रांगेत उभं राहायचं. माझं लिहिलेलं मला फाडायला नको." त्या कराराला ते इंटरफेस म्हणतात. मी तो शब्द चार वेळा म्हणून घेतला, नीट बसेपर्यंत.

माझ्या हातातले वाल तसेच राहिले, बाबा. मी म्हटलं, "हात मेल्या, हे तर माझ्या बाबाचं!" ती म्हणाली, "काय?" मी म्हटलं, "आवरा!"

तिला तुझं सगळं सांगितलं मग. तू बांधाच्या कोपऱ्यावर उभा राहायचास, जिथून खाडी पण दिसायची आणि डोंगरावरचं आभाळ पण. मुकादम दुसरा होता, हाक मात्र तुझी. मळभ आलं किंवा उधाणाचं पाणी बांधाला लागायला लागलं की तू दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडायचास, "आवराऽऽऽ!" एवढंच. कोणाचं नाव नाही, कोणाचं काम नाही. आणि सगळं आगर हलायचं. मीठ ओढणारे गडी हातातलं मीठ काठाला लावायचे. बायका डोक्यावरची टोपली टाकून मिठाच्या राशीवर पेंढा पसरायच्या. वाफ्यावाफ्यामधलं पाणी सोडणारे चिखलाचे गोळे मारून तोंडं बांधायचे. खाडीत मिठाची होडी लागलेली असली तर होडीवाला दोर सोडून होडी आत घ्यायचा. उघाडीवरचा म्हातारा फळी खाली सोडायचा. चहावाली तर आधी दूध झाकायची, मग चूल विझवायची, आणि मग तुला शिव्या द्यायची. हाक एक, आणि ज्याचं त्याचं वेगळं. पोर खुदुखुदु हसायला लागली. म्हणाली, "आजी, पणजोबा तर सॉलिड प्रोग्रॅमर होते." मी म्हटलं, "अंगठा करायचे गो ते." आणि हे पण सांगितलं की तुझ्या जावयाला मी आयुष्यभर 'आवरा' म्हणत आले, पण त्यांनी दरवेळी फक्त चष्मा शोधला.

तिनं त्या हुकुमाचं नावच 'आवर' ठेवलं, इंग्रजी अक्षरात. मी विचारलं, "पण एखाद्याला ते येतच नसेल तर?" तुझी रीत माझ्या डोक्यात होती. नवा माणूस आगरावर आला की पहिल्या दिवशी तू त्याला बांधाखाली थांबवायचास. "आवरा म्हटलं की तू काय करशील?" त्यानं नीट सांगितलं तरच वर. पाली बाजूचा एक भाताचा शेतकरी आला होता कामाला, मीठ कधी बघितलेलं नाही, तो म्हणाला, "आवरा म्हटलं की घरी जाईन." दोन दिवस त्याला तू बांधाखाली ठेवलास आणि लोक येता-जाता त्याला विचारायचे, "काय रे, आवरलं का?" पोर म्हणाली, "तसंच आहे आजी. करार शिकला नसेल तर मशीन त्याला रांगेत घेतच नाही, आधीच लाल रेघ मारतं." मी म्हटलं, "आणि एखाद्यानं सांगताना बरोबर सांगितलं, आणि वेळ आली तेव्हा दुसऱ्याचंच काम केलं तर?" ती म्हणाली, "ते मशीनला नाही कळत. हुकूम माहीत आहे एवढंच ते बघतं. हातून काय होणार ते आपणच नीट लिहावं लागतं."

मी वाल सोलायला घेतले परत. एक वाल तीन वेळा सोलला असेल.

थांब, कुकरची शिट्टी झाली. आले बघून. साडेदहा. फोन नाही. साहेब म्हणजे मोठा माणूस नाही, पस्तिशीचा पोरगा आहे, कानात ती पांढरी बोंडं घालून फिरतो. पण साहेब तो साहेब. नोकरी त्याच्या हातात.

तर बाबा, पोरीनं कंपनीत त्या कामाची माहिती सांगायला पानं केली, भिंतीवर दाखवतात तशी. पहिल्या पानावर आपल्या आगराचं चित्र आणि खाली दोन ओळी. मला वाचून दाखवल्या. 'माझे पणजोबा एका हाकेवर सगळं मिठागर आवरायचे. एकदा वारा उलटा होता, त्यांची हाक उघाडीपर्यंत पोहोचली नाही आणि आगर बुडालं.' म्हणून आता वायर आणि यंत्र हवं, असं पुढे. मला म्हणाली, "बरोबर आहे ना आजी? तूच सांगितलं होतंस." मीच सांगितलं होतं. आपल्या घरात ते असंच सांगतात. तूही असंच सांगायचास. उघाडीवर त्या दिवशी कोण होतं ते मात्र मी तिला कधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "बरोबर आहे," आणि न्हाणीत जाऊन पाय धुतले. पाय स्वच्छच होते.

वैशाख होता. उघाडीवरचा म्हातारा तापानं पडलेला. मी दहाची असेन. तू मला तिथं नेलंस, फळीचा दोर दाखवलास आणि सगळ्यांना विचारायचास तसं मलाही विचारलंस. हसत नव्हतास. "आवरा म्हटलं की तू काय करशील?" मी म्हटलं, "खुंटीवरचा दोर सोडीन, फळी खाली जाईल." "आन मग?" "मग फळीवर उभी राहीन, ती घट बसंपर्यंत." तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि बांधावर गेलास. मी बसले आहे. खाली पाणी आत येतंय, आधी गपचूप, मग गुरगुरत. त्या उघाडीच्या भोकात आठ दिवसांपूर्वी साप निघाला होता हे माझ्या डोक्यात आहे. ऊन आहे, मग एकदम ऊन नाही. आणि तुझी हाक येते.

माझे पाय उठले आणि आईकडे धावले. जन्मापासून त्या हाकेला मी तेच करत आले होते ना. आवरा म्हटलं की आईच्या मागं धावायचं, पेंढ्याची दुसरी बाजू धरायची. पाय विचारत नाहीत आज तू कोण आहेस. अर्ध्या वाटेत, तिवराच्या झुडपाशी, मला आठवलं. मी थांबले. मागं बघितलं. दोर खुंटीवर तसाच होता आणि पाणी आता भोकातून उसळत होतं. परत गेले असते तर पोचले असते. इथपर्यंत सगळी चूक पायांची म्हण. पण मी साप आठवला, तो आवाज ऐकला, आणि पुन्हा आईकडे वळले. ते पायांनी नाही केलं, बाबा. ते मी केलं. आईनं पेंढा माझ्या हातात दिला, विचारलं पण नाही कुठून आलीस, तिला ते नेहमीचंच होतं.

पाणी कसं आलं ते तुला काय सांगू, तूच कमरेएवढ्या पाण्यातून धावत जाऊन फळी पाडलीस. तोवर उघाडीच्या आतलं साठवणीचं तळं भरून पाणी बांधावरून मिठाच्या वाफ्यांत उतरलं होतं. महिनाभर उन्हात तापवून दाट केलेलं पाणी, त्यात साधं खाडीचं पाणी. पांढऱ्या वाफ्यांवर मातकट पाणी पसरलं आणि बायका राशीवर उभ्या राहून नुसत्या बघत राहिल्या. मग तू माझ्यापाशी आलास. मला वाटलं आता मारणार. तू गुडघ्यावर बसलास. "हाक ऐकू आली न्हाय गो तुला?" असं विचारलंस. मला तो प्रश्न वाटलाच नाही, तू दार उघडून दिल्यासारखं वाटलं. मी मान हलवली. न्हाय. तू उठलास आणि मुकादमाला म्हणालास, "वारा उलटा व्हता. माझाच आवाज पोचला न्हाय." आणि पुढच्या आठवड्यात पालीला गेलास तेव्हा माझ्यासाठी हिरव्या बांगड्या आणल्यास. पोरीला एकटीला बसवलं, वरून हाक पण पोचली नाही, किती भ्याली असेल, असं आईला सांगताना मी दाराआडून ऐकलं. बांगड्या घट्ट होतात म्हणून मी घातल्या नाहीत. सैल होत्या.

पावणेअकरा झाले, ती आता साहेबाच्या दाराशी असेल. मी उगाच खिडकीत जाऊन आले. तिला का बोलावलंय ते सांगते.

परवाच्या अमावस्येला तळ्यांवर परीक्षा होती. मुद्दाम उधाणाचा दिवस घेतला होता, पाणी चढताना. मी हट्टानं गेले. ती म्हणाली, "आजी, ऊन लागेल," मी म्हटलं, "मला ऊन शिकवू नको." साहेब होता, तळ्यांचा मालक होता आणि थळचा एक वायरमन होता, ज्यानं उघाडीपर्यंत केबल टाकली होती. चांगला माणूस. मला बसायला त्यानं आपली हत्यारांची पेटी दिली. "बसा मावशी, हितून सगळं दिसल." पोरीनं लॅपटॉपवर बोट दाबलं. बाबा, तुझी हाक मी साठ वर्षांनी परत बघितली. आवाज नाही, काही नाही, नुसती बघितली. तळ्यांतली चाकं जोरात फिरायला लागली. पंप बंद पडला. खाणं टाकणाऱ्या यंत्रानं तोंड मिटलं. बांधावरचे दिवे लाल झाले. मी टाळ्या वाजवायला हात उचलले. आणि उघाडीचं दार हललं नाही. होतं तिथं, अर्ध्यावर, तसंच राहिलं. खालून पाणी आत येतंय.

मालक वायरमनवर गेला. "काय रे, केबल टाकलीस का नुसतं गवत कापलंस?" वायरमन म्हणाला, "शेठ, काल संध्याकाळी बघितलंय, सगळं ओके होतं." साहेब कानातलं बोंड काढून म्हणाला, "सिग्नल पोचला नसेल. वारा आहे, केबल हलली असेल कुठंतरी. होतं असं." वारा म्हणाला बाबा तो. त्यालाही तेच सुचलं. मी पोरीकडे बघितलं. लॅपटॉपवर काय लिहिलंय ते तिथं तिला एकटीलाच कळत होतं, आणि तिच्या तोंडावरचा रंग उतरलेला मी बघितला. मला ते तोंड ओळखीचं होतं. मी त्या पेटीवरून अर्धी उठले. काय म्हणणार होते माहीत नाही. बोल म्हणणार होते की गप बस म्हणणार होते, देवाशपथ मला माहीत नाही.

ती म्हणाली, "सर, सिग्नल पोचलाय. गेटनं उत्तर पण दिलंय. वायर बरोबर आहे. माझं चुकलंय." मग तिनं सांगितलं. पंपाचं लिहून झाल्यावर घाईत तेच उचलून तिनं उघाडीला चिकटवलं होतं, नंतर बदलू म्हणून, आणि राहिलं. आवर म्हटलं की पंपानं थांबायचं असतं. उघाडीलाही तिनं थांबायलाच सांगितलं होतं, आणि ती बिचारी सांगितल्यासारखी, होती तिथं थांबली. खाली यायला कोणी सांगितलंच नव्हतं. हुकूम तिला माहीत होता, मशीननं लाल रेघ मारली नाही. हातात मात्र दुसऱ्याचं काम होतं. वायरमननं तोवर लोखंडी चाक हातानं फिरवून दार खाली घेतलं, घामानं भिजला. तळ्यात फार पाणी शिरलं नाही. वर आल्यावर तो पोरीला म्हणाला, "ताई, तुम्ही बोलला नसता तर आज माझं काय खरं नव्हतं." साहेबानं बोंड परत कानात घातलं. गाडीत बसताना एवढंच, "सोमवारी अकराला ये."

घरी येताना स्कूटीवर मी मागं बसून रडत होते. ती म्हणाली, "तू का रडतेस? नोकरी माझी जाणार आहे, तुझी नाही." मग थोड्या वेळानं, जेट्टीच्या वळणावर, म्हणाली, "पणजोबांच्या वेळी निदान हाक पोचली नव्हती. त्यांची चूक नव्हती, आणि उघाडीवर जो कोण होता त्याचीही नव्हती. माझी तर पोचूनसुद्धा." मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिला वाटलं मी दमले.

फोन आला! बाबा, फोन आला, मध्येच सोडून उठले होते. ठेवलं तिला कामावर. ओरडला म्हणे साहेब, पंधरा मिनिटं. तिचं लिहिलेलं आता आधी दुसरं कोणीतरी वाचणार, बांधावर जाऊन प्रत्येक यंत्राकडून एकेकटं करून घेणार, मगच पुढे. पुन्हा परीक्षा पुढच्या उधाणाला. मी फोनवरच नाचले, कुकरचं झाकण हातात होतं. आणि मग ती काय म्हणाली ऐक. "आजी, मोठ्या साहेबांना ते पणजोबांचं पान फार आवडलं. पुढच्या महिन्यात मोठ्या मीटिंगला दाखवायचंय. मी येते दुपारपर्यंत, मला त्या दिवसाचं अजून सांग ना. उघाडीवर कोण होतं, नाव काय, काही आठवतंय का?"

आता ते तुझं अपयश परक्या लोकांसमोर भिंतीवर लावणार, बाबा. आणि पोर तर परवा माझ्यासमोर, चार माणसांत, एका दमात सांगून मोकळी झाली. साठ वर्षं मी जे गिळून बसले ते तिनं एका वाऱ्याच्या झुळकीएवढ्या वेळात सांगितलं. तिच्यापुढं मी आता आणखी एकदा मान हलवू? न्हाय?

सांगणार आहे तिला. भात झालाय, सुकट भाजायची आहे, ती आली की आधी जेवू देईन. उघाडीवर मी होते, हाक ऐकली होती, हे सांगीन. पण एक गोष्ट तिला सांगायला जीभ उचलत नाही, म्हणून ती आधी तुला.

पाऊस सरल्यावर नवा हंगाम सुरू व्हायच्या आधी, तुला आठवतंय, तू मला उघाडीवर उभं केलंस. म्हणालास, "माझा आवाज कुठवर जातो ते बघू. ऐकू आलं की हात वर कर." आणि बांधाच्या कोपऱ्यावर गेलास. वारा नव्हता. पान हलत नव्हतं. तू हाक दिलीस, आणि मी हात खालीच ठेवला. कारण वर केला असता तर तू विचारलं असतंस, मग तेव्हा कसं नाही ऐकलंस. तू दोन पावलं पुढं आलास, छाती भरून परत हाक दिलीस. मी खालीच ठेवला. तिसऱ्या हाकेला तुझा आवाज फाटला, तेव्हा मी हात वर केला. तू तसाच उभा राहिलास, हात तोंडाशी. मग खाली उतरलास आणि मुकादमाला जाऊन सांगितलंस की आता दुसरं कोणी बघा. त्यांनी पत्र्याचा डबा बडवायला माणूस ठेवला आणि तू बाकीच्यांसारखं मीठ ओढायला लागलास. घरात सुद्धा तू परत कधी मोठ्यानं हाक मारली नाहीस. जेवायला बोलवायला आमच्याजवळ चालत यायचास.

सुकट भाजून येईपर्यंत दीड वाजला, स्कूटीचा आवाज येतोय. हे कागद आता चुलीत घालते, नाहीतर ती वाचेल. पहिल्याच हाकेला ऐकू आलं होतं, बाबा. लख्ख.